पाचशे मिलिलिटरच्या आतली हवा

वसई-विरारमध्ये रिक्षा सीएनजी पंपाच्या रांगेत पुढे सरकली की आतली माणसे सांगायची वाट न बघता उतरतात आणि दहा-पंधरा पावले लांब जाऊन उभी राहतात. पावसात कुरकुरत, उन्हात डोक्यावर पिशवी धरून, पण उतरतात. आसनाखालच्या टाकीत २०० बार दाबाने वायू शिरत असतो. वातावरणात आपल्या अंगावर जेवढा दाब असतो, त्याच्या दोनशे पट. हा आकडा फार जणांना ठाऊक नसेल. तरी नळी जोडलेली असताना टाकीवर बसून राहायचे नाही, एवढे मात्र सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे.

तोच २०० बारचा आकडा याच शहरातल्या काही घरांत, कपाटामागे उभ्या केलेल्या लांबट पेटीतही असतो. तिथे कुणी दहा पावले लांब जात नाही. ती पेटी एअर रायफलीची असते.

एअर रायफल म्हटले की बहुतेकांना अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरची किंवा जीवदानीच्या पायथ्याला नवरात्रात लागणारी फुगे फोडायची बंदूक आठवते. नळी मधून मोडायची, छर्रा घालायचा, नळी परत बसवायची आणि लाल फुग्यावर नेम धरून निळा फोडायचा. त्या बंदुकीत हवा साठवलेली नसतेच. नळी मोडताना एक जाड स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, पुढचा दट्ट्या हवा रेटतो आणि ती हवा छर्ऱ्याला ढकलते. दाब तयार होतो तो क्षणाच्या एका बारीक तुकड्यापुरता. अशा बंदुकीने दुरुस्तीत बोटे चिरडली जाऊ शकतात, पण ती बाजूला ठेवली की तिच्यात काही उरत नाही.

दुसरा प्रकार आहे आधीच हवा भरून ठेवलेल्या रायफलीचा. शौकीन मंडळी तिला ‘पीसीपी’ म्हणतात. नळीच्या खाली एक धातूचे नळकांडे असते, त्यात २०० बारपर्यंत, काही नव्या बनावटींत ३०० बारपर्यंत हवा भरतात. चाप ओढला की आतला हातोडा झडपेवर आपटतो, हवेचा एक घोट सुटतो आणि छर्रा निघतो. धक्का जवळजवळ नाही, आवाज थोडा आणि एका भरणीत शेकडो फैरी.

कल्पना नवी नाही. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, त्यानंतर जेमतेम चाळीस वर्षांनी बार्थोलोमेउस गिरांडोनी नावाच्या कारागिराची हवेवर चालणारी बंदूक ऑस्ट्रियाच्या सैन्यात दाखल झाली. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी: लोखंडी पत्रा वाकवून, रिव्हेट मारून, पितळेच्या झाळणीने बंद केलेली. ती भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत आणि दाब व्हायचा पन्नास-पंचावन्न बार. धूर नाही, ठिणगी नाही, एकामागून एक वीसेक गोळ्या. तरीही काही दशकांत सैन्याने ती सोडून दिली. चामड्याच्या वायसरी, गळणारे सांधे आणि पंपाचे कष्ट यांनी ती जेरीस आली. आजच्या रायफलीची दुखणीही मुळात हीच आहेत. फरक एवढाच, की दाब चौपट झाला आहे.

नेमबाजीच्या खेळात १० मीटर एअर रायफल १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकपासून आहे. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने याच प्रकारात भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण मिळवले आणि २०२२ मध्ये कैरोला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील या प्रकारात जगज्जेता झाला. त्याचे वडील बाळासाहेब पाटील पालघर जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक होते, त्यामुळे वसईपासून डहाणूपर्यंत हे नाव घरचे वाटले. अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांच्यापासून महाराष्ट्रात या खेळाची एक परंपराच आहे. वरळीची रेंज आणि पनवेलची अकादमी इथे घडलेली मुले आज प्रशिक्षक आहेत. ठाणे परिसरातली, खोल छिद्रे पाडणारी यंत्रे बनवणारी प्रेसिहोल कंपनी आता एअर रायफलीही बनवते. थोडक्यात, परदेशी बंदूक, परदेशी दुरुस्ती हा जमाना मागे पडतो आहे. रायफली वाढल्या, जुन्या झाल्या, हातोहात विकल्या गेल्या, आणि आता त्या उघडून बसणारेही वाढले आहेत.

आता जरा हिशेब. स्पर्धेच्या रायफलीतून निघणाऱ्या छर्ऱ्याचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास आणि वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. त्याची ऊर्जा भरते साडेसात-आठ ज्यूल. त्याच रायफलीच्या नळकांड्यात, समजा, २०० मिलिलिटर जागा आहे आणि ती २०० बारने भरली आहे. ती हवा एका झटक्यात सुटली तर निदान आठ हजार ज्यूल बाहेर पडतात. म्हणजे एका छर्ऱ्याच्या हजार पट. ऐंशी किलोचा माणूस दहा मीटरवरून, साधारण तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडला तर जमिनीवर आदळताना त्याच्या अंगात एवढीच ऊर्जा असते. घरातले लोक बंदुकीच्या तोंडापुढे उभे राहू नका म्हणून मुलांना ओरडतात, आणि ते बरोबरच आहे. पण हजार छर्रे एकत्र बसलेले असतात ते नळीखालच्या नळकांड्यात.

रायफल भरायला पाणबुड्यांची १२ लिटरची टाकी वापरली, तर हाच आकडा साठ पट होतो. पावणेपाच लाख ज्यूल. राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून एक टन वजनाची मोटार ताशी ११० किलोमीटर वेगाने वसई फाटा ओलांडते तेव्हा तिच्यात जेवढी ऊर्जा असते, जवळपास तेवढी त्या टाकीत असते, आणि टाकी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभी असते.

इथे कायद्याची एक गंमत आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे एअर रायफलीचे कॅलिबर ०.१७७ इंचापर्यंत आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. म्हणजे हा नियम बघतो नळीच्या तोंडातून काय बाहेर पडते ते. त्याच वर्षीचे गॅस सिलिंडर नियमही आहेत. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. त्या नियमांत सिलिंडरची व्याख्या सुरू होते ५०० मिलिलिटरच्या वर. रिक्षाची टाकी त्यात येते, पाणबुड्याची येते, वेल्डिंगवाल्याची येते. रायफलीचे दोनशे मिलिलिटरचे नळकांडे येत नाही. एका नियमाची नजर त्याच्या पुढून जाते, दुसऱ्याची वरून. सीएनजी टाकीला दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून तारीख ठोकून घ्यावी लागते. रायफलीच्या नळकांड्याला असे कुणी विचारत नाही. विचारायचे ते मालकाने स्वतःला.

जागतिक नेमबाजी महासंघाने यावर निदान एक गोष्ट केली आहे: नळकांड्याची मुदत संपलेली नाही हे पाहण्याची जबाबदारी खेळाडूवर टाकली आहे. बहुतेक नामवंत उत्पादक ही मुदत बनावटीच्या तारखेपासून दहा वर्षे धरतात आणि ती तारीख धातूवर कोरलेली असते. स्वस्तात मिळालेली जुनी जर्मन रायफल घरी आणणाऱ्याने चाप, दुर्बीण, दस्ता बघण्याआधी ही तारीख बघावी. प्रत्यक्षात ती सगळ्यात शेवटी बघितली जाते, असा या व्यवहाराचा रिवाज आहे.

धातू म्हातारा होतो म्हणजे काय होते? प्रत्येक भरणीला नळकांडे केसभर फुगते, रिकामे होताना आकसते. हजारो वेळा असे झाले की आट्यांच्या खाचेत किंवा आतल्या ओरखड्यात बारीक तडा सुरू होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या एका मिश्रधातूने तर पाणबुड्यांच्या जगाला चांगलाच धडा दिला. ६३५१ क्रमांकाच्या त्या धातूच्या टाक्यांना नुसत्या भरून ठेवल्यानेही मानेपाशी तडे जात. काही टाक्या भरताना फुटल्या, आणि लक्सफर कंपनीने १९८८ मध्ये अमेरिकेत तो धातू सोडून ६०६१ हा दुसरा घेतला. बाहेरून त्या टाक्या अगदी लखलखीत दिसत.

वसईत याच्या जोडीला आणखी एक शत्रू आहे: दमट हवा. मिठागरांच्या आणि समुद्राच्या शेजारी राहणाऱ्यांना खिडकीच्या जाळ्या किती वर्षे टिकतात ते सांगायला नको. हीच हवा हातपंपाने रायफलीत जाते. २०० मिलिलिटर जागा २०० बारला भरायला बाहेरची ४० लिटर हवा लागते. पावसाळ्यात तीस अंशांवर आणि ऐंशी टक्के आर्द्रतेत तेवढ्या हवेत जवळजवळ एक ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. हवा दाबली की ती वाफ धरून ठेवू शकत नाही. पाणी गळून पडते. एका भरणीला चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. त्यातले थोडे पंपाच्या सापळ्यात अडकते, थोडे आत जाते आणि पोलादी नळकांड्याच्या तळाशी बसून राहते. गंज आतून लागतो आणि आत कुणी बघत नाही. म्हणून पंपाला सुकवणीच्या दाण्यांचा फिल्टर लावणे, दर पन्नास-साठ दट्ट्यांनी थांबून पंपाचा निचरा उघडून पाणी उडवणे आणि पंप गार होऊ देणे या गोष्टी कोकणपट्टीत हौस म्हणून नाही, गरज म्हणून कराव्या लागतात.

यापेक्षा चांगली सोय म्हणजे श्वासासाठीची कोरडी, गाळलेली हवा. सिंधुदुर्गात तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे स्कूबा केंद्र आहे. अशा ठिकाणचे कंप्रेसर हवेतले तेल आणि पाणी काढूनच टाकी भरतात, कारण ती हवा माणसाच्या फुप्फुसात जाणार असते. बंदुकीलाही ती मानवते.

पंक्चरच्या दुकानातल्या कंप्रेसरने पीसीपी भरता येईल का, असा प्रश्न नवखा हमखास विचारतो. येत नाही, तो आठ-दहा बारच्या पुढे जात नाही. मोटारीच्या चाकात सव्वादोन बार असतात, ट्रकच्या चाकात सात-आठ. पण या ‘फक्त’ आठ बारला कमी लेखायचे कारण नाही. पुण्यात हडपसरच्या एका कारखान्यात २०२३ मध्ये थट्टेच्या भरात हवेची नळी अंगाशी लावली गेली आणि सोळा वर्षांचा मुलगा गेला. अमेरिकेत कामाच्या जागी साफसफाईसाठी वापरायच्या हवेला ३० पीएसआयची, म्हणजे जेमतेम दोन बारची मर्यादा घातली आहे. रायफलीच्या सांध्यातून फुसफुस ऐकू आली की ती कुठून येते ते बोटाने चाचपायची खोड अनेकांना असते. त्या बारीक भोकामागे दोनशे बार असतात. सुईसारखी ती हवा कातडीखाली शिरू शकते. गळती शोधायला साबणाचे पाणी आहे. गॅसच्या शेगडीला लावतो तेच.

भरताना सगळ्यात मोठी चूक घाईची. पाचूबंदरच्या मच्छीमार बोटींच्या डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो, हे तिथले पोरही सांगेल. हवा झटक्यात दाबली की ती एवढी तापते की डिझेल आपोआप पेटते. तिथे दाब असतो तीस-चाळीस बारचा. टाकीची झडप फाडकन उघडून रिकाम्या नळीत २०० बार सोडले तर, निदान कागदावरच्या हिशेबाने, तिच्या टोकाशी दबलेल्या हवेचे तापमान हजार अंशांच्या पुढे जाते. तिथे कुणी शिलाई मशीनचे तेल किंवा साधे ग्रीस लावलेले असेल तर ते पेटते. म्हणून दाबाच्या भागांत खनिज तेल लावायचे नाही, फक्त सिलिकोनचे वंगण, तेही ओ-रिंगला पुसटसे. झडप इतकी हळू उघडायची की गेजचा काटा सरकताना दिसावा. भरून झाले की आधी टाकीची झडप बंद, मग नळीतली हवा सोडणे, मग नळी काढणे. हा क्रम उलटला की नळी सापासारखी फटकारते.

आणि ऑक्सिजन कधीही नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत सात घनमीटरचा जम्बो सिलिंडर घराघरांत माहीत झाला. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे भागातल्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यांत तो आधीपासूनच उभा आहे. काळे अंग. दाब दीडशे बार, हाताशी, आणि ‘हवाच तर आहे’ असे वाटायला लावणारा. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ग्रीस, रबर, प्रसंगी धातूसुद्धा पेट घेतो. त्यामानाने राखाडी अंगाचा, काळ्या मानेचा नायट्रोजन कोरडा आणि निरुपद्रवी. मात्र तोही दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरमधूनच घ्यायचा.

भरलेली रायफल उन्हात ठेवली तर काय होते, याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. २७ अंशांवर २०० बार असलेली हवा मे महिन्यात बंद मोटारीत ६० अंशांना गेली की २२२ बार होते. उलट घाईघाईने भरताना गरम झालेली हवा २०० दाखवते आणि सकाळी काटा १८५ वर आलेला असतो. मालक गळती समजून रायफल उघडायला बसतो.

दुरुस्तीची खरी गोष्ट इथून सुरू होते. नळकांड्याच्या टोकाला बुच असते, आट्यांवर बसवलेले. समजा त्याचा व्यास २५ मिलिमीटर, दहा रुपयांच्या नाण्याहून थोडा कमी. २०० बारला त्या बुचावर आतून एक टन जोर असतो. तो जोर आट्यांना एकमेकांवर इतका घट्ट दाबतो की बुच हाताने हलत नाही. हाच इशारा असतो. रिकाम्या रायफलीचे बुच बोटांनी किंवा हलक्या पान्याने सुटायला हवे. सुटत नसेल तर आत हवा आहे असे धरून चालायचे. नेमके इथेच लोक मोठा पाना आणतात, पान्याला पाइप लावतात. आटे एकेक करून सुटत जातात आणि उरलेल्या दोन-तीन आट्यांवर तो एक टन येऊन पडतो.

‘पण गेज तर शून्य दाखवत होता’ हे वाक्य अशा वेळी ऐकू येते. गेजची नळी कचऱ्याने तुंबते, काटा अडकतो, आणि ज्यांत रेग्युलेटर असतो अशा रायफलीत दोन वेगळ्या खोल्या असतात. एक रिकामी झाली तरी दुसरी भरलेली असू शकते. आणखी एक फसवणूक आहे. रायफल मर्यादेपेक्षा जास्त भरली तर आतला दाब झडपेला इतका घट्ट बसवतो की हातोड्याच्या फटक्याने ती उघडतच नाही. चाप ओढला तर नुसता ‘टक’. बंदूक बिघडली, आत हवा नाही, असे वाटते. असते मात्र नेमके उलटे, ती कधी नव्हे इतकी भरलेली. म्हणून जाणता कारागीर पहिले काम करतो ते हवा सोडण्याच्या स्क्रूचे. तो नसेल तर सुरक्षित दिशेला रिकाम्या फैरी झाडतो, आवाज पूर्ण थांबेपर्यंत. मग डोळ्यांवर चष्मा, बुचाच्या रेषेत शरीराचा कुठलाही भाग नाही, आणि बुच स्वतःकडे किंवा समोरच्याकडे न धरता भिंतीकडे.

वसई पूर्वेच्या गाळ्यांत लेथवर बसणाऱ्यांचे कौशल्य कुणी नाकारणार नाही. नमुना दाखवा, दुपारी तुकडा तयार. पण दाबाच्या भागांत नेमके हेच कौशल्य घात करते. पाणबुड्यांच्या टाक्यांत दोन प्रकारचे आटे चालतात, २५ मिलिमीटरचे मेट्रिक आणि पाऊण इंची. मेट्रिक झडप पाऊण इंची टाकीत फिरवली तर आरामात आत जाते, बसल्यासारखी वाटते, थोडी सैल आहे म्हणून टेफ्लॉन टेपचे दोन वेढे दिले की गच्चही होते. दाब चढला की ती गोळीसारखी उडते. जगात माणसे अशी मेलेली आहेत. भंगारातले आग विझवायचे नळकांडे, हायड्रॉलिकचा पाइप, प्लास्टिकचा जाड पाइप यांच्यापासून टाकी बनवण्याचे प्रयोगही होतात. त्यांच्यावर किती दाब सोसेल याचा शिक्का नसतो, धातू कोणता ते कुणाला माहीत नसते आणि वेल्डच्या शेजारची पट्टी मूळ धातूपेक्षा कमकुवत झालेली असते. तारापूरला एव्हरेस्ट कांटोसारख्या कारखान्यात उच्च दाबाच्या टाक्या विनाजोड बनवतात, त्यामागे हेच कारण आहे: जिथे सांधा नाही तिथून ती उसवणार नाही.

टाकीची चाचणी पाण्याने का घेतात, हवेने का नाही, याचे उत्तरही याच हिशेबात आहे. पाणी जवळजवळ दबत नाही. १२ लिटरच्या टाकीत ३०० बारला पाणी असेल तर साठलेली ऊर्जा अडीच हजार ज्यूलच्या आसपास; तेवढ्याच दाबाची हवा असेल तर सात लाखांच्या वर. चाचणीत टाकी फाटली तर पाण्याचा एक फवारा उडतो, छप्पर उडत नाही. म्हणून मान्यताप्राप्त केंद्रात टाकी पाण्याने काठोकाठ भरून, नेहमीच्या दाबाच्या दीडपट किंवा त्याहून जास्त दाब देऊन, ती किती फुगली आणि परत किती आकसली ते मोजतात. घरी हवा भरून ‘बघू टिकते का’ म्हणणारा नेमकी उलटी परीक्षा घेत असतो.

मुदत संपलेल्या नळकांड्याचे पुढे काय होते, हा प्रश्न राहतोच. दहा वर्षे झाली म्हणून खेळाडू नवे घेतो. जुने कपाटात पडते, मग कुणी नवशिक्या ते स्वस्तात मागतो, किंवा ते भंगारात जाते. बाद ठरलेली मोठी टाकी पुन्हा वापरता येणार नाही अशा रीतीने कापून किंवा चेपून नष्ट करा, असे गॅस सिलिंडर नियम सांगतात. रायफलीच्या नळकांड्याला तो नियम लागू नाही, पण पद्धत उचलता येते. हवा पूर्ण सोडायची, झडप काढून वेगळी करायची, आणि उघड्या नळकांड्याला ड्रिलने मधोमध आरपार भोक पाडायचे. भंगारवाला भाव तोच देतो, वजनावर.